मातीचं वर्ष

बापदेव क्रीडा मंडळात नवा गडी घ्यायचा की नाही, हे वीस वर्षं एकट्या बुधाजीनं ठरवलं. मी त्या मंडळाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे अर्ज लिहायचे, कागद ट्रंकेत ठेवायचे आणि पंचांशी हुज्जत घालायची. गडी पारखायचं काम माझ्याकडे नव्हतं, याचं मला तेव्हा फार बरं वाटायचं.

आमचं गाव कर्जतहून खालापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. भात कापून झालं की बुधाजीच्या खाचरात कबड्डीचं मैदान व्हायचं आणि जूनमध्ये त्यावरून नांगर फिरायचा. त्यामुळे दर दिवाळीला मैदान नव्यानं करणं आलं. ढेकळं फोडायची, विहिरीचं पाणी आणून शिंपायचं, लाकडी चोपण्यानं जमीन चोपून चोपून घट्ट करायची, वर शेणाचा हात फिरवायचा. हे काम नव्या गड्यांचं. पहिला मोसम त्यांनी एवढंच करायचं. संध्याकाळी सरावाला उतरायचं, पण सामन्यात नाही. अंगावर मंडळाची गंजी चढायची ती दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षाला गावात ‘मातीचं वर्ष’ म्हणत.

हा नेम पहिल्यापासून नव्हता. रसायनीला कारखाने आले, त्यातल्या एकानं स्वतःचा कबड्डी संघ काढला आणि दर डिसेंबरात कर्जतच्या स्पर्धेतून दोन गडी निवडून थेट नोकरीला घ्यायला सुरुवात केली. मग काय विचारता! ज्यांनी जन्मात मैदान तुडवलं नव्हतं तेही दंडाला तेल चोळून बुधाजीच्या पडवीत येऊन बसू लागले. बाप मुलाला घेऊन यायचे, मामा भाच्याला घेऊन यायचे. एका साली आम्ही हातानं घडवलेले दोघे नोकरीला लागले आणि परत मैदानाकडे फिरकले नाहीत. बुधाजीला ते लागलं.

“ज्याला खेळ पायजे तो वरीसभर माती चोपंल,” तो म्हणाला. “ज्याला नोकरी पायजे तो आठ दिसांत पळंल. आपल्याला काय करायची गरज नाय.”

आणि खरंच तसं व्हायचं. दहा यायचे, दोन राहायचे. त्या दोघांना पुढच्या दिवाळीत बुधाजी स्वतः गंजी घालायचा. त्याची बायको जिजावहिनी सगळ्या संघाला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट वाढायची. नव्या गड्याला पहिलं ताट. बुधाजी त्याच्या शेजारी बसायचा आणि तो पोटभर जेवेपर्यंत उठायचा नाही. एरवी तोंडातून चार शब्द न निघणारा हा माणूस त्या दिवशी लग्नघरातल्या यजमानासारखा आग्रह करायचा.

पण नेमापायी आठ जणांना परत जायला लावणं सोपं नसतं. ते आठ जण गावातच असतात, त्यांच्या आया पाणवठ्यावर असतात. जिजावहिनीशी दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नव्हती. पंचाहत्तर साल उजाडेपर्यंत बुधाजी पार थकला होता. गुडघा खेळातच गेलेला. नवं कोणी पडवीत आलं की तो आधी डोळे मिटून भिंतीला टेकायचा.

त्या दिवाळीत सोमा आला. भाताच्या गिरणीत पोती उचलणारा, अंगानं दणकट, बोलायला अगदी मऊ. त्याला कोणी आणलं नव्हतं, एकटाच आला. पहिल्याच सरावात त्यानं आमच्या गजाला, म्हणजे संघाच्या कप्तानाला, मांडीला धरून असा काही बसवला की गजा मातीत बसल्या बसल्या हसायला लागला.

“बुधादादा, याला कर्जतला घेऊया,” गजा म्हणाला. “आसा पकडीचा गडी आपल्याकडं नाय.”

“पुढल्या साली घेऊ.”

“आवं पन—”

“नेम म्हंजे नेम. तुझ्यासाठी मोडला नाय, त्याच्यासाठी मोडनार नाय.”

दिवसभर पोती आणि संध्याकाळी माती, असा सोमानं तो मोसम काढला. त्याची बायको चिंधी एकदा मैदानावर डबा घेऊन आली तेव्हा मला म्हणाली, “चिटनीस भाऊ, यांना ती रसायनीची नोकरी लागंल ना? पाठीतून कळा येत्यात आता. आनखी किती वरसं पोती उचलनार?” मी म्हणालो, लागेल की, वर्षभर थांबा फक्त. मोठ्या थाटात म्हणालो.

सोमाला नोकरी हवी होती, हे बुधाजीला ठाऊक होतं. सोमानं ते लपवलंच नव्हतं. पण तो आठ दिवसांत पळाला नाही, आठ महिन्यांतही नाही. बुधाजी मला म्हणाला, “ह्यो दोन्हीसाठी आलाय रं. आसा मानूस मी पयलाच बघतोय.” पुढच्या दिवाळीत गंजी घालताना त्याचा हात सोमाच्या पाठीवर जरा जास्तच वेळ राहिला.

शहात्तरच्या डिसेंबरात आम्ही कर्जतची स्पर्धा जिंकलो. सोमानं अंतिम सामन्यात एकट्यानं सात पकडी केल्या. कारखान्याचे साहेब मैदानातच त्याच्याकडे आले, हात मिळवला, आणि मला म्हणाले, कागद द्या. मी ऐटीत ट्रंक उघडली, सोमाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. साहेबांनी तो वाचला, दोनदा वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

“याला पंचवीस पूर्ण झाली आहेत,” ते म्हणाले. “आम्हाला पंचवीसच्या आतलाच घेता येतो. परिपत्रकात दिलंय. गेल्या वर्षी का नाही उतरवलंत?”

गेल्या वर्षी त्या दिवशी सोमा चोवीसचा होता. पंचविशी पुरी व्हायला पंधरा दिवस होते.

परिपत्रक माझ्या ट्रंकेत होतं. दरवर्षी यायचं, इंग्रजीतून टंकलेलं. मी त्यातली तारीख आणि ठिकाण तेवढं वाचायचो. आजवर आमच्याकडे येणारे सगळे अठरा-वीसचे, त्यामुळे खालच्या ओळींपर्यंत जायची वेळच आली नव्हती. हे मी आज सांगतोय, पण त्या दिवशी मला ते सांगायलाही तोंड नव्हतं. सोमाच्या जागी साहेबांनी आमच्या संघातल्या हिरूला घेतलं, जो चार महिन्यांत खेळ सोडून मोकळा झाला.

परतीच्या टेंपोतून उतरताना बुधाजी सोमाला म्हणाला, “माझ्यानं चुकी झाली रं.” सोमा म्हणाला, “असू दे दादा. तुमी काय मुद्दाम केलंय का?” त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बुधाजी वाचला असता, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी सोमा गिरणीत होता आणि संध्याकाळी मैदानावर. तो येत राहिला. बुधाजी मात्र यायचा कमी झाला.

पुढच्या दिवाळीला तो आलाच नाही. मी घरी गेलो तर पडवीत भिंतीला टेकलेला.

“सहा पोरं येऊन थांबलीत,” मी म्हणालो.

“मला आता कुनाला बघवत नाय चिटनीस. ज्यांना हाकललं ते आठवत्यात. त्यातले किती खरे व्हते, कोनाला म्हाईत?” मग म्हणाला, “सोमाला सांग. त्यो बघंल.”

मी सोमाला तसा निरोप दिला. तो गिरणीतून थेट आला, अंगावर कोंडा तसाच. सहा जण रांगेत उभे. तोवर बुधाजीही काठी टेकत येऊन बांधावर बसला होता. सोमानं ना कोणाचे दंड बघितले, ना कोणी पाठवलं ते विचारलं.

“दाखले आनलेत?” तो म्हणाला. “नसंल तर घरून घेऊन या. आधी जल्मतारीख.”

पाच जण वीसच्या आतले निघाले. त्यांना त्यानं मातीकडे पाठवलं. सहावा, नागू, येत्या मार्चला पंचवीस पुरी करणार होता. सोमानं दाखला घडी करून माझ्या हातात दिला.

“ह्याला आजच गंजी द्या.”

गजा चमकला. “आनि ह्याचं मातीचं वरीस? बाकीची पोरं काय म्हनतील? ह्याच्या वाटची माती कोन चोपनार?”

बुधाजी बांधावरून उतरला. काठी बाजूला ठेवली, एक गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय लांब पसरून मातीत बसला आणि हात पुढे केला. पाचांतल्या एकानं न कळून चोपणं त्याच्या हातात दिलं. तो चोपू लागला. मी त्याला उठवायला निघालो तर सोमानं माझा दंड धरला.

“करू द्या त्यांना,” तो म्हणाला.

त्या मोसमात बुधाजी रोज आला.