कपाटाचा वास

आमच्या रत्नागिरीच्या घरात खाली आम्ही राहतो आणि वर धाकटा दीर नि जाऊ. दीर बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे वरचं घर म्हणजे जावेचंच. मागे तिने बेडरूममध्ये भिंतभर कपाट करून घेतलं. सरकते दरवाजे, आत दिवा, आणि ड्रॉवर असे की बोटाने ढकलले तरी आवाज न करता आपले आपण मिटतात. ती हौसेने दाखवत होती. मी "छान झालंय हो" म्हटलं आणि खाली येऊन माझं कपाट उघडलं. दार फरशीला घासत कर्रकन वाजलं. ते कित्येक महिने घासत असणार, फरशीवर त्याचा अर्धगोल ओरखडा उमटला होता. पण मला ऐकू आलं ते त्या दिवशी.

नवऱ्याला म्हटलं, "आपलं कपाट आता काढायला झालंय."

"काय झालंय त्याला? दार लागतं, कुलूप लागतं."

"दार उचलून धरलं की लागतं."

"मग धर थोडं उचलून," म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी तरी कुठे त्या कपाटात वाकून काय बिघडलंय ते पाहिलं! मला ते दुरुस्त करायचंच नव्हतं. मला वरच्यासारखं हवं होतं.

मे महिन्यात आंजर्ल्याला जावेच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. ती खाली आली नि म्हणाली, "वहिनी, तुमची ती जांभळी नारायणपेठ नेसायला द्याल? माझ्याकडे तशी एकही नाही." मी तत्परतेने काढून दिली. तिच्याकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे आहे, याचा आनंद मला दिवसभर पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. वर पाहिलं तर माझी नारायणपेठ तिच्या गॅलरीतल्या दोरीवर. ती फोनवर आईशी बोलत होती. "नेसणार आहे गो, पण आधी वाऱ्यावर टाकलेय. वहिनींच्या कपाटाचा वास बसलाय तिला. कोंदट."

माझे कान तापले. तशीच आत गेले, कपाट उघडलं आणि नाक खुपसलं. मला कसलाच वास येईना. रोजच्या वासाला नाक सरावलेलं असतं. मग अंगणात जाऊन कढीलिंबापाशी उभी राहिले, चार मोठे श्वास घेतले, भरभर आत आले आणि पुन्हा दार उघडलं. आला. भिजलेल्या गोणपाटासारखा.

सगळे कपडे पलंगावर काढले. खालची फळी मधोमध वाकली होती. कोपऱ्यात पिवळसर भुकटी पडली होती. तशी भुकटी मी कितीतरी वेळा धूळ समजून फडक्याने पुसली होती, पण ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची होती. खालच्या बिजागरीचा स्क्रू नुसत्या बोटांनी हातात आला. पाठीमागच्या प्लायवर अंगठा दाबला तर तो आतच गेला, आणि पलीकडे भिंत ओली लागली.

बाहेर रखरखीत ऊन होतं, पावसाचा पत्ता नव्हता. मग ओल आली कुठून? त्या भिंतीच्या बरोबर वर जावेचं नवं बाथरूम होतं. खरं सांगते, कपाट सडल्याचं दुःख तिथल्या तिथे पळालं. तिच्या त्या चकचकीत टाइल्सखालून पाणी गळतंय, या विचाराने मला हुरूपच आला.

ती लग्नाहून आल्यावर तिला खाली बोलावलं. तिने भिंतीला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "वहिनी, माझ्यामुळे झालं का हो हे?"

"दुसरं काय असणार?" मी म्हटलं.

तिने त्याच दिवशी बाथरूम बंद केलं. रोज टॉवेल नि साबणाची डबी घेऊन आमच्याकडे आंघोळीला यायची. माझ्या ठेवणीतल्या साड्याही तिनेच वर नेल्या. "ओल्या भिंतीशी नका ठेवू. माझं कपाट अर्धं रिकामंच आहे." ते अर्धं रिकामं मला फार झोंबलं. बाहेर जायचं झालं की मी जिना चढून तिच्या दिव्याखाली माझीच साडी शोधायची.

पण भिंत सुकेना. उलट डाग पसरत चालला. एका दुपारी मी एसी लावून पडले होते. कपाट पुढे ओढून ठेवलेलं. त्याच्यामागे थेंब पडताना दिसला. उठून पाहिलं. एसीच्या पाण्याची नळी जिथे भिंतीत शिरते तिथे सांध्यातून निसटली होती आणि सगळं पाणी भिंतीत मुरत होतं. एसी आम्ही गेल्या उन्हाळ्यात घेतला होता. वर जावेकडे आला म्हणून मी हट्टाने खालीही आणवला होता.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिन्यापाशी जाऊन हाक मारली, "अगो, बाथरूम वापरायला घे! पाणी आमच्याच एसीचं!"

वरून ती मोठ्याने हसली. "सुटले हो दादा! मी म्हटलं, आता सगळ्या टाइल्स फोडायला लागतायत." एवढंच. एखादा टोमणा मारला असता तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

नळी बसली. भिंत सुकल्यावर सुतार आला. पाठीचा प्लाय, खालची फळी आणि बिजागऱ्या बदलल्या, किडीचं औषध मारलं. दारं नि बाजू सागाच्या, त्या ठणठणीत निघाल्या. म्हणजे नवं कपाट काही मिळालं नाही. आहे तेच भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहिलं. दार आता घासत नाही.

साड्या आणायला वर गेले तर प्रत्येक साडी पांढऱ्या मऊ पिशवीत घातलेली. "जुन्या धोतराच्या शिवल्या," जाऊ म्हणाली. "तुमच्या साड्या फार सुंदर आहेत, वहिनी. खाली राहिलेल्या साड्यांनाही शिवून देऊ?"

"नको, मी शिवेन की."

खाली येऊन नवऱ्याचं जुनं धोतर फाडलं आणि मशीनवर बसले. तिची शिलाई दोरी धरल्यासारखी सरळ होती. माझी वाकडी जात होती. मी उसवून पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

नवरा म्हणाला, "अगो, कपाटाच्या आत कोण बघायला येणार आहे?"

"ती येईल ना," मी म्हटलं आणि सुईत दोरा ओवला.