देवाचं बटण

साठ सालच्या आसपास नंदुरबारच्या कापडबाजारात वीज नवी होती आणि वायरमन म्हणून मीही नवाच. जवळच्या कोरीट गावचा मी, सुरतेला वायरिंग शिकून परतलेलो. डोकं गरम, पण काम चोख, असं माझं मीच सांगत फिरायचो. पहिलं मोठं काम मिळालं ते एका गुजर शेठच्या दुकानाचं. शेठनी हौसेने पितळी टोपीची बटणं मागवली होती. सागवानी पाटीवर ती अशी झळकायची की शेठ गिऱ्हाइकाला लुगडं दाखवायच्या आधी बटणं दाखवायचे.

महिनाही झाला नसेल, शेठचं बोलावणं आलं. गेलो, तर गादीवर बसून ते बोट चोखताहेत.

"हाई बटन मन्हा हातले चावनं!"

मी हसलो. बटण उघडलं, आत ओल. पुसलं, वाळवलं, स्क्रू आवळले. आठवड्याने पुन्हा तेच, आणि नंतर पुन्हा तेच. भिंत झिरपते का ते पाहिलं, छप्पर पाहिलं, तारा बदलल्या, काही नाही तर उंदरांना शिव्या घातल्या. आत दर वेळी लालसर चिखल सापडायचा. तो मला भिंतीतल्या विटांचा वाटे. शेजारचे दुकानदार हा तमाशा मजेत बघायचे. त्यांच्याकडे अजून गॅसबत्त्याच होत्या, आणि वीज घ्यायची की नाही हे ते शेठच्या बोटाकडे बघून ठरवणार होते.

दसरा झाल्यावर शेठनी निर्वाणीचं सांगितलं, "दिवाईले हाई चावनं, तं तुन्ह्या तारा काढी लई जाय. मन्ही गॅसबत्ती बरी शे."

म्हणजे लक्ष्मीपूजनाला झटका बसला की या बाजारातून माझं बिऱ्हाड उठलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणत दुकान उघडायच्या वेळेलाच जाऊन उभा राहिलो. शेठनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. गादीला, कापड मोजायच्या गजाला, कात्रीला कुंकू लावलं. मग तांब्यात बोटं बुडवून, ओल्या कुंकवाचा भलामोठा पट्टा बटणावर ओढला, भक्तिभावाने हात जोडले आणि तेच बटण दाबायला निघाले.

"थांबा शेठ!" मी एवढ्याने ओरडलो की त्यांच्या हातातला तांब्या पडला. "हाई काय करी ऱ्हायनात? आत पानी जास, टोपीमा बिजली उतरस, मंग ते चावस!"

शेठही भडकले. "लक्ष्मी शे ती! तिले कुकू नको लावू?"

माझी आईही दिवेलागणीला कंदिलाला हात जोडायची. तिला कुणी नको म्हटलं असतं, तर मीच त्याच्याशी भांडलो असतो.

त्या दुपारी मी कामाची सगळी बटणं बदलली. साधी, काळी, वीज न उतरणाऱ्या बॅकेलाइटची बसवली, तीही हात उंचावून दाबावी लागतील इतकी वर. एक पितळी बटण मात्र घासूनपुसून खालच्या पाटीवर ठेवलं. त्याच्या मागे तारच नव्हती.

"वरची कामाची," मी शेठना म्हटलं. "हाई देवनं. याले पाहिजे तेवढं कुकू लावा."

शेठनी संशयाने पाहिलं. "यामा बिजलीच नई! मंग लक्ष्मी कोठे शे?"

"तुमना गजमा तरी बिजली कोठे शे? त्याले कुकू लावतसच ना?"

शेठ गजाकडे बघून खो खो हसले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी निम्मा बाजार पायरीशी जमला. देवाच्या बटणाला कुंकू, झेंडू, सगळं यथासांग झालं. मग दिवे लावायची वेळ आली. शेठचा हात काळ्या बटणापर्यंत गेला आणि थांबला.

"तू दाब," ते म्हणाले. मी हात उचलला, तर त्यांनी माझं दुसरं मनगट घट्ट पकडलं. "चावनं तं दोन्हीसले चावू दे."

खरं सांगतो, त्या क्षणी मीही घाबरलो होतो. डोळे मिटून बटण दाबलं. पायरीवरून गलका उठला, तेव्हा कळलं की दिवे लागले. शेठ मनगट सोडेनात. तसंच ओढत त्यांनी मला पायरीवर नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाऊ आपला वायरमन शे."

तोवर त्या बाजारात मी कोरीटवाला होतो.