नारिंगी टोप्या

सकाळी साडेसात. पनवेल, कोळीवाड्यासमोरचा रस्ता. मागे खाडी, समोर बाजार, मधून धडधडत जाणारे कंटेनर. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हिरामावशी कडेला उभी.

माझं उभं आयुष्य बातमीदारीत गेलं. बातमी छापून येते आणि संपते, किस्से मात्र चहाच्या टपरीवर साठत राहतात. हे सगळे या एका रस्त्याचे, 'शहर पुन्हा पाण्याशी जोडायचं' अशी योजना आली तेव्हापासूनचे.

मावशीचं दुखणं साधं होतं. घर खाडीकडे, सासूने दिलेली बसायची जागा पलीकडे बाजारात, आणि गुडघे गेलेले. रस्ता रुंद झाल्यापासून मुलगा रोज म्हणायचा, "आये, पुरे झाला. घरी बस."

"घरी बसून काय भिंती बगू?"

*

योजनेची सभा भरली. इंजिनिअर सुर्वे यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. खाडीकाठी झाडं, धावणारी माणसं, एक बाई, तिचा कुत्रा.

मावशी मागून उठली. "सायेब, यात आमी कुठं हाय?"

"मावशी, हे फक्त कल्पनाचित्र आहे."

"कुत्रा हाय. आमी नाय."

सुर्वेंनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या सभेत चित्रात डोक्यावर ओझं घेतलेली बाई होती. इंटरनेटवरून उचललेली. घागरा, ओढणी, डोक्यावर मडकी.

मावशी म्हणाली, "ही बाय लय लांबून आलीय. हिला आदी पानी द्या."

सगळ्यात मोठ्याने सुर्वेच हसले.

*

मग बाक आले. खाडीकाठी ओळीने बसवले, तोंड रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे. मी संतापून लिहिलं. योजनेच्या कार्यालयाचं उत्तर आलं, "मंजूर नकाशात दर्शनी बाजू रस्त्याची आहे."

संध्याकाळी जाऊन पाहिलं. कोळीवाड्यातल्या बायका बाकांच्या पाठीच्या फटीतून पाय पलीकडे सोडून, पाण्याकडे तोंड करून गप्पा मारत होत्या. मावशीने मला जागा करून दिली. "बस रं दादूस. कवर भांडशील?"

*

एकदा ती सुर्वेंना म्हणाली, "सायेब, माज्यासंगं पलीकडं चला की."

दोघं निघाले. अर्ध्यात कंटेनर आला तसे सुर्वे थिजले. मावशीने एका हाताने पाटी धरली, दुसऱ्या हाताने साहेबांचं मनगट. पलीकडे पोहोचल्यावरही सुर्वेंनी हात सोडला नव्हता.

"सोडा आता," मावशी म्हणाली, "लोक बगतात."

*

त्यानंतर महिन्याभरात क्रॉसिंगची चाचणी लागली. चुन्याचे पट्टे ओढले, दोन्हीकडे ट्रॅफिकच्या नारिंगी टोप्या, म्हणजे ते प्लास्टिकचे शंकू, उभ्या केल्या. गाड्या थांबू लागल्या.

पहिल्या दिवशी मावशी निघाली आणि भर रस्त्यात थांबली. एकदा बाजाराकडे बघितलं, एकदा खाडीकडे. हॉर्न सुरू झाले. सगळ्यात पुढे आमच्या टपरीवरचा रिक्षावाला इक्बाल, एरवी सिग्नलला शिव्या देणारा. तो खाली उतरला आणि मागच्या कंटेनरवाल्याला म्हणाला, "बजाव मत. मावशी देख रही है."

मावशीने मला नंतर सांगितलं, "हितं कवा उभीच राह्यले नव्हते. नुसती पलालेच."

*

चाचणी संपली. अहवालात 'समाधानकारक' असा शेरा पडला, टोप्या गोदामात गेल्या, पट्टे चाकांखाली पुसले गेले. पक्कं क्रॉसिंग कधी, हे मी विचारत राहिलो. उत्तर एकच, "प्रक्रियेत आहे." मुलाने पुन्हा सुरू केलं, "आये, आता तरी बस."

सोमवारी साडेसातला मावशी पाटी घेऊन बाहेर आली, तर घरासमोर रस्त्यात दोन ओळी टोप्या उभ्या. कंटेनर थांबलेले. ती पलीकडे गेली. थोड्या वेळाने टोप्या गायब. मंगळवारी पुन्हा तेच.

मी सुर्वेंना गाठलं. "मी? अहो, माझी बदली होईल."

इक्बाल म्हणाला, "मी साडेसातला स्टेशनवर असतो." हे तो साडेसातला, टपरीवर, माझ्या शेजारी बसून सांगत होता.

मावशीचा मुलगा म्हणाला, "मी कशाला ठेवीन? मला तर ती घरात बसायला होवी." बोलताना तो खाडीकडे बघत होता.

मग कार्यालयाच्या माणसाने टपरीवर येऊन मलाही विचारलं. मी म्हटलं, "आधी क्रॉसिंगचं बोला."

शेवटी चौकशी लागली आणि गोदाम उघडलं. सगळ्या टोप्या जागच्या जागी, वर धुळीचा थर.

आज सकाळी साडेसातला मावशी टोप्यांच्या दोन ओळींमधून रस्ता ओलांडून बाजारात गेली.