थोडं इन्सुलिन बनतंय म्हणून पेढे

शुगर असलेल्या पोरीच्या घरी पेढ्यांचा बॉक्स पाठवणाऱ्याला काय म्हणावं, मला सुचत नाही... आणि मला सहसा सुचतं. नमस्कार नंतर, आधी हे ऐका.

माझी नात प्रज्ञा, नऊ वर्षांची. गेल्या वर्षी तिला डायबेटिस निघाला, लहान पोरांना होतो तो... इन्सुलिन टोचावंच लागतं. परवा बदलापूरच्या सोनिवलीहून तिला टेस्टसाठी उल्हासनगरला नेलं.

तिथं उपाशीपोटी दुधासारखं काहीतरी प्यायला देतात, मग थांबून थांबून रक्त काढतात. अंगात स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनतंय ते त्यात कळतं. म्हणून सकाळचं इंजेक्शन डॉक्टरांनी टेस्ट होईपर्यंत थांबवायला सांगितलं होतं. टेस्ट होईपर्यंत! मी माझ्या कानांनी ऐकलंय.

काल दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, थोडं बनतंय, चांगलं आहे, शुगर सांभाळायला सोपं जाईल... पण इंजेक्शन चालूच ठेवा. हे शेवटचं माझ्या मुलाच्या, संजयच्या, कानात शिरलंच नाही.

त्याने लगेच याच फॅमिली ग्रुपवर टाकलं, "प्रज्ञाचं इन्सुलिन बनतंय!!" झालं... फुलं काय, फटाके काय. माझी मुलगी सविता उल्हासनगरला कॅम्प दोनला राहते, तिने पेढेच पाठवले. वर संजयला एकट्याला लिहिलं, "दादा, आता त्या सुया बंद कर. टेस्टच्या दिवशी उशिरा घेतलं तर काय झालं का तिला?"

आणि दादाने केल्या बंद. सून अंबरनाथला कंपनीत सेकंड शिफ्टला, मी बुद्धविहारात... आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आज सकाळी पोरगी बाटल्यावर बाटल्या पाणी पितेय, सारखी बाथरूमला पळतेय. बोट टोचून मशीन लावली, आकडा भलताच वर. फोन स्पीकरवर टाकून डॉक्टरांना लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटचं इंजेक्शन कधी दिलं?"

संजय बोलतो, "काल... नाही, म्हणजे परवा..." सून ओरडतेय, "अहो, रात्रीचं दिलं ना तुम्ही?" सविता दुसऱ्या फोनवर, "एका पेढ्याने काही होत नाही गं आई!" नुसता बाजार!

प्रज्ञाने फोन ओढून घेतला. "डॉक्टरकाका, काल शाळेतून आल्यापासून एकपण नाही. मी मागितलं तर पप्पा बोलले, आता तुला नको."



डॉक्टरांनी तिथल्या तिथे डोस सांगितला, अंगात आम्ल तर साचलं नाही ना म्हणून पट्टीवर लघवी तपासायला लावली, उलटी झाली तर थेट घेऊन या म्हणाले. दुपारपर्यंत शुगर उतरली. वाचलो, असं समजा.

अरे, थोडं बनतं म्हणजे पुरतं का? बदलापुरात नळाला करंगळीएवढी धार आली म्हणून टँकरवाल्याला कुणी परत पाठवतं का? पाण्याचं कळतं तुम्हाला, पोरीचं कळत नाही.

आता खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. डॉक्टरांना न विचारता माझं इंजेक्शन का बंद केलं, असं प्रज्ञा विचारतेय. उत्तर संजयने द्यायचं, तिच्यासमोर बसून, तोंडाने. सविताने मधे टाइप करायचं नाही.