आगाश्यांची खुर्ची उजवीकडे जाते

खुर्चीत काही बिघाड नव्हता, हे मी आत्ताच सांगून टाकते. नंतर जो तो शहाणा झाला, "आम्हाला तेव्हाच शंका आली होती" म्हणून. डोंबलाची शंका! आमचे हेडक्लार्क दिगंबर आगाशे यांचा उजवा पाय आमच्या डोळ्यांदेखत निकामी होत चालला होता आणि आख्खं ऑफिस खुर्चीला शिव्या घालत होतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला आगाश्यांचं टेबल, दुसऱ्या टोकाला खिडकी. टेबलाशी बसलं की उजव्या हाताच्या भिंतीला लोखंडी कपाटं. फरशी शहाबादी, इतक्या वर्षांच्या वावराने गुळगुळीत झालेली. आगाशे कसब्यातून चालत यायचे, ऊन-पाऊस नसला तरी छत्री घेऊन. टेबलावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी होती : 'जेवणाच्या सुट्टीत दाखला मागितल्यास उत्तर मिळेल, पण ते आवडणार नाही.' माणूस असा. हसला तर पगार कापतील अशी भीती असल्यासारखा.

एका दिवाळीनंतर कुणा माजी विद्यार्थ्याने कॅम्पातलं आपलं ऑफिस बंद केलं आणि चाकांच्या खुर्च्या शाळेला देऊन टाकल्या. आगाश्यांनी खुर्चीभोवती प्रदक्षिणा घातली. "चाकं आहेत. ब्रेक कुठाय?" मी म्हटलं, "अहो, बसून तर बघा, आगाशे. लायसन्स नाही लागत." बसले. दोन्ही पायांनी टेबलाखाली जरा रेटा दिला आणि पाठमोरे सुर्रकन जे निघाले ते थेट खिडकीशी. तिथे थांबले आणि अहो, तो माणूस हसला! मोठ्याने! शिपाई संपत चहा घेऊन आला होता, तो दारातच उभा राहिला.

मग काय विचारता. शाळा सुटली की टेबल ते खिडकी, एका रेट्यात. आम्हीही करायचो, पण कुणी मध्येच अडकायचं, कुणी गर्रकन फिरायचं. आगाश्यांची खुर्ची मात्र दोरी लावल्यासारखी सरळ जायची. भेळेच्या पैजा लागायच्या आणि भेळ दरवेळी आगाशेच खायचे. मला फार बरं वाटायचं तेव्हा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असा आनंद होताना बघायला मिळत नाही रोज.

मे महिन्याची सुट्टी संपली आणि आगाशे रिक्षाने येऊ लागले. कसबा ते सदाशिव पेठ, रिक्षाने! "आता जरा चैन करावी म्हणतो," म्हणाले. ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसायचे ते सगळे जाईपर्यंत उठायचे नाहीत. कपाटापाशी जायचं तरी चाकांवर, चहा घ्यायला दारापाशी जायचं तरी चाकांवर. लोक म्हणाले, लाडावलेत. आणि संध्याकाळच्या रेट्यात खुर्ची उजवीकडे वळायला लागली. आधी थोडीशी. गणपती येईस्तोवर धाडकन कपाटावर. लोक पोट धरून हसायचे. आगाशेही म्हणायचे, "हिचं चाक गेलंय." संपतने चाकं बदलली, तरी तेच.

मला तो धाडकन आवाज आवडेनासा झाला होता. का ते सांगता येत नव्हतं. पण शाळा सुटायची वेळ झाली की मी टाइपरायटर जास्तच जोरात बडवायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे ऑफिसातल्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. त्या वर्षी खुर्च्यांचा थाट! संपतने प्रत्येक चाक काढून रॉकेलने धुतलं, तेल घातलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. आगाश्यांच्या खुर्चीला वेगळा नारळ. "आता बगा, बानासारखी जाती का न्हाई," तो म्हणाला. पूजेच्या दिवशी पूजलेली वस्तू वापरायची नाही, हा आमचा नेम. म्हणजे सगळे उभे.

आणि आगाश्यांना आरतीसाठी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं लागलं. कपाटं धरत धरत गेले. डावं पाऊल उचललं जायचं. उजवं मागून ओढत यायचं, फरशीवर घासत. बाकीचे प्रसादाच्या पेढ्यांकडे बघत होते, मी पायाकडे.

"आगाशे, पायाला काय झालंय?"

"चप्पल नवी आहे."

"चप्पल जुनी आहे. डॉक्टरकडे जा."

"प्रेमलाबाई, आपण टायपिस्ट आहात. टाइप करा."

असा संताप आला म्हणता! पण चारचौघांत काय बोलणार. काड्यापेटी ओढून घेतली आणि कापूर लावला.

दसरा झाला. शाळा उघडली त्या संध्याकाळी सगळे जमले, तेल घातलेली खुर्ची बघायला. आगाश्यांनी टेबलाची कड धरली, पायांनी रेटा दिला. खुर्ची झर्रकन गेली आणि उजवीकडे वळून कपाटावर आदळली. हशा पिकला. संपतचं तोंड एवढंसं झालं. लोणी काळभोरचा गडी, कामात खोट काढलेली त्याला खपायची नाही.

"सायेब, चाकात काय बी दोष न्हाई. मी सोता धुतल्यात. ही दुसरी घ्या, हिच्यावर बसा."

आगाशे दुसऱ्या खुर्चीत बसले. रेटा दिला. उजवीकडे. धाडकन.

या वेळी थोडेच हसले.

"प्रेमलाबाई, तुमची द्या."

मला द्यायची नव्हती. खरंच सांगते, मला ती खुर्ची घट्ट धरून ठेवावीशी वाटली. पण ते बघत होते माझ्याकडे. मी ढकलली. ते बसले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. सगळा जोर लावून त्यांनी रेटा दिला आणि माझी खुर्ची, जी मी बसले की कधी कपाटाकडे वळली नव्हती, ती उजवीकडे वळली आणि कपाटाला जाऊन टेकली.

संपत हातातलं फडकं पिळत उभा राहिला. लोक पिशव्या उचलून एकेक करून निघाले. मी गेले नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. घरी बायकोला, मंदाकिनीलाही ठाऊक नाही."

"उन्हाळ्यापासून! आणि रोज संध्याकाळी हा खेळ करत बसलात? अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

आगाश्यांनी दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा उचलला आणि पाऊल नीट फरशीवर ठेवलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

"खेळत नव्हतो हो," ते म्हणाले. "रोज बघत होतो. एकदा, एकदाच सरळ गेली असती, तर खुर्चीचाच दोष आहे असं म्हणून सुखाने घरी गेलो असतो."