ग्राफमधले तेरा खड्डे

ग्राफ बघितला आणि आमचे साहेब, तिवारी सर, यांनी तिथूनच फाउंड्रीला, म्हणजे धातू ओततात त्या शेडला, फोन लावला. आजचं ओतकाम थांबवा म्हणाले. माझ्या ग्राफमुळे. मी समोरच उभी होते, आणि खोटं कशाला सांगू, मला जरा भारीच वाटलं.

भोपाळचा आमचा कारखाना धरणांवरच्या वीजघरांसाठी पाण्याची टर्बाइन बनवतो. तेव्हा हातात असलेल्या टर्बाइनच्या चाकाला तेरा पाती होती. पातं ओतण्याआधी पाणी त्यावर किती दाब देईल, ते आम्ही कॉम्प्युटरवर बघतो. त्याला सिम्युलेशन म्हणतात. चाकाच्या एका फेरीच्या तीनशे साठ फाइली होतात, आणि प्रत्येकीत लाखो बिंदूंचे आकडे. पूर्वी एकेक फाइल उघडून माउसने आकडा टिपायचे. मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला कामाची यादी दिली: फाइल उघड, पात्यावरच्या या बिंदूचा दाब घे, टेबलात लिही, पुढची उघड. चहा संपायच्या आत काम झालं.

दाब एका फेरीत तेरा वेळा धाडकन खाली येत होता. रोज एवढे हेलकावे खाल्ले तर पात्याला तडा जाणारच.

सरांचा फोन झाल्यावर मी जागेवर परतले. शेजारच्या टेबलावर गोखले काका, रिटायरमेंटला आलेले. शिवाजी नगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून ऑफिसातही काकाच. चष्मा कपाळावर चढवून ते माझ्या स्क्रीनवर वाकले.

"खड्डे किती गं?"

"तेरा."

"आणि पाती?"

"तेराच."

"बिंदूचा पत्ता काय दिलास?"

मी पहिल्या फाइलीत मोजून एक्स, वाय, झेड घेतले होते. सगळ्या फाइलींना तेच.

"अगं बाई, चाक फिरतंय ना. तुझं पातं कधीच पुढे गेलं. तू एका जागी उभी राहून येणारी-जाणारी पाती मोजतेयस."

लाज वाटायच्या आधी मला प्रश्न पडला, मग त्या पात्याला स्वतःला काय जाणवत असेल? बिंदू पात्याबरोबर फिरवणाऱ्या चार ओळी घातल्या आणि स्क्रिप्ट परत चालवली. रेघ जवळजवळ सपाट आली. पातं ठणठणीत होतं.

मी जाऊन तिवारी सरांना माझी चूक सांगितली. ते ओरडले नाहीत.

"काम आपके ग्राफ ने रुकवाया है. चालू भी आप ही करवाइए."

वितळलेलं स्टील भट्टीत ताटकळलं तर अख्खा माल वाया. फोन कुणी उचलेना, म्हणून मी धावतच गेले. फाउंड्रीचे सुपरवायझर इक़बालभाई हात पुसत उभे होते. साचे भरून झाले होते.

"इक़बालभाई, रोका नहीं?"

"फोन तो आया था, मैडम. कागज़ नहीं आया. बिना कागज़ के हम माल नहीं रोकते."

मी हुश्श करून तिथल्याच स्टुलावर बसले. मग डोक्यात आलं, माझा ग्राफ बरोबर असता तरी यांनी ओतलंच असतं.

आता स्क्रिप्ट चालवण्याआधी बिंदू पात्याबरोबर फिरतोय का, ते बघते. आणि काही थांबवायचं असेल, तर सही घेऊन कागद स्वतः पोचवते.