कळंब्याला नेली

कोल्हापुरात शाहूपुरीत, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या त्या लॉजचा मालक कोण हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसायचं. लॉज ओळखला जायचा काउंटरवरच्या शिवलिंगआप्पांच्या नावानं. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं आणि समोर काळा फोन. गडहिंग्लजकडून ते नोकरीला आले तेव्हा लॉजला नऊ खोल्या होत्या. १९९८ साली सोळा झाल्या, पण फोन एकच राहिला. त्यामुळं खोल्या देणं हे आप्पांचं अर्धं काम आणि निरोप देणं हे उरलेलं अर्धं.

निरोपाच्या बाबतीत आप्पा फार काटेकोर. ज्यानं जसा सांगितला तसाच पुढं द्यायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. "निरोप म्हंजे ताक न्हवं, पाणी घालून वाढवायला," असं ते म्हणायचे. एका व्यापाऱ्यानं 'माल खराब निघाला, पण घाबरू नका' असा निरोप ठेवला होता. आप्पांनी त्यातलं 'घाबरू नका' हेसुद्धा त्याच आवाजात पोचवलं.

त्या वर्षी जानेवारीत पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजची पोरं आली. बावीस जण, त्यात मुली सहा. अंबाबाईच्या देवळाचे खांब, टाउन हॉलची छपरं, नव्या राजवाड्याच्या कमानी असं सगळं टेपनं मोजायचं आणि मोठ्या कागदावर काढायचं, हा त्यांचा अभ्यास. सहा मुलींतली एक वर्षाराणी, बिद्रीची. तिचे वडील केरबा तिथल्या साखर कारखान्यात फिटर. गावातली मुलगी इंजिनिअरिंगच्या बाजूला जाते म्हणताना भावकीनं आधीच नाक मुरडलेलं. म्हणून ट्रिपच्या आदल्या दिवशी केरबा स्वतः लॉज बघायला आले. मुलींची खोली, जिना, संडास, सगळं हिंडून बघितलं आणि काउंटरवर येऊन बसले.

"आप्पा, एक सांगू का? त्या पुण्याच्या मास्तराला मी वळखत न्हाय. पोरगी ठेवतोय ती तुमच्या शब्दावर. काय उलटंसुलटं झालं तर पोरीचं कॉलेज त्या दिवशी बंद. मग माझी भावकी बी गप, आणि मी बी गप."

"माझी जबाबदारी," आप्पा म्हणाले.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी सकाळी दारात एक टेम्पो लागला. पोरांनी त्यात बॅगा, भांडी आणि गुंडाळलेले तंबू भरले. कळंब्याच्या तळ्याचा जुना दगडी बांध मोजायचा, येण्या-जाण्यात वेळ जातो म्हणून दोन रात्री तळ्याकाठीच मुक्काम, असा बेत पोरांबरोबर आलेल्या निमकर सरांनी ठरवला होता. जाताना ते आप्पांना म्हणाले, "कुणाचा फोन आला तर सांगा, आम्ही कळंब्याला गेलोय. दोन रात्री तिथेच."

आप्पांनी तंबू बघितले. केरबांना तंबूचं माहीत नसणार हे त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. पण विचारायला आपण कोण, असं म्हणून त्यांनी किल्ल्या खुंटीला अडकवल्या.

अकरा वाजता फोन वाजला. लाइनीवर नुसती खरखर.

"हॅलो, मी बिद्रीसनं केरबा बोलतोय. वर्षाराणीला जरा बोलवा की."

"न्हाय ती. सगळी कळंब्याला गेल्यात."

"आँ? कुठं?"

आप्पांनी आवाज चढवला. "कळंब्याला! सकाळीच नेली! टेम्पोत घालून! दोन रात्री तितंच!"

 मग लाइन तुटली. आप्पांनी फोन ठेवला आणि चहा मागवला. समोरच्या बाकावर रिक्षावाला ज्ञानू पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला.

"आप्पा, कुणाची पोरं ओ ती? केलं काय त्यांनी?"

"कोण पोरं?"

"कळंब्याला नेली म्हणालासा न्हवं?"

आप्पांच्या हातातला कप तसाच राहिला. कोल्हापुरात लहान पोरालाही विचारलं तर ते सांगेल, कळंब्याला नेला म्हणजे जेलात नेला. तळं तिथं आहे, गाव आहे, शेती आहे, पण भाषेत कळंबा म्हणजे तुरुंगच. सर पडले पुण्याचे, त्यांना हे कुठलं ठाऊक? पण आप्पांना ठाऊक होतं. बावीस वर्षं ठाऊक होतं.

"शिव शिवा!" ते म्हणाले. "आणि टेम्पोत घालून बी म्हणालो."

"त्येनं तर पार पक्कंच केलं की ओ," ज्ञानू म्हणाला.

केरबा बूथवरून बोलले होते, नंबर कुणाकडंच नव्हता. कारखान्याच्या ऑफिसात फोन लावला तर ते कामावरून निघून गेल्याचं कळलं. आता वाट बघण्यापलीकडं काही उरलं नव्हतं.

दीडच्या सुमाराला केरबा लॉजच्या पायऱ्या चढले. अंगावर कारखान्याचेच कपडे, कोपरापर्यंत ग्रीस. काखेत एक पिशवी. त्यांनी ती काउंटरवर उपडी केली. रेशन कार्ड, पोरीचा शाळेचा दाखला, सरपंचांचं पत्र आणि सातबारा.

"दोन एकर हाय. जामिनाला चालंल का सांगा आधी. गुन्हा काय त्यो मग सांगा."

बाकावर ज्ञानूला हसू आवरेना. आप्पांनी त्याला डोळ्यांनीच दटावलं आणि केरबांना हाताला धरून बसवलं.

"पावणं, जेल न्हवं. तळं. कळंब्याचं तळं. बांध मोजाय गेल्यात."

केरबांनी एक मोठा श्वास सोडला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं, ग्रीस गालाला लागलं. आप्पांना वाटलं, सुटलो. पण केरबा फिटर माणूस, एखादा नट राहिला तर त्यांच्या लगेच ध्यानात यायचं.

"मग दोन रात्री कशापायी म्हणालासा?"

आता मात्र आप्पांना पदरचं बोलणं भाग होतं. "तळ्याकाठी तंबू मारल्यात."

"तंबू." केरबांनी कागद एकेक करून पिशवीत घातले. "तुमाला ठावं हुतं?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. सकाळी आपण आत होतो, बघितलंच नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"व्हय. भरताना बघितलं. तुमाला सांगाय पायजे हुतं. न्हाय सांगितलं."

"जेल परवडलं असतं, आप्पा. तितं भिंत तरी असती." केरबा उठले. "चला. पोरगी घरला न्यायची हाय."

आप्पांनी वेटरला काउंटरवर बसवलं. भर दुपारी खुर्ची सोडून जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. तिघं ज्ञानूच्या रिक्षातून निघाले. जेलची भिंत मागं पडली तेव्हा केरबांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

तळ्यावर ऊन लख्ख पडलेलं. बांधाच्या उतरत्या दगडांवर पोरं-पोरी टेप, काठ्या आणि कागद घेऊन पसरलेली. तंबू दोन टोकांना, मुलींचे गावाच्या बाजूला. वर्षाराणी एका पायरीवर गुडघे टेकून बसली होती. बापाला बघताच तिचा चेहरा उतरला. तिनं आप्पांकडं बघितलं आणि काय झालं असेल ते ओळखलं.

"आबा, मी सांगणार हुते. पर सांगितलं असतं तर तुमी धाडलं नसतं."

"न्हायच धाडलं असतं. बॅग भर."

तिनं मान हलवली, पण उठली नाही. "एवढं माप घिऊन येते. माझ्या नावावरचं हाय. अर्धं सोडलं तर सगळ्यांचा कागद चुकंल."

टेपचं दुसरं टोक वारा हलवत होता. केरबा थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांना राहवेना.

"झोळ पडलाय त्येला. असं माप घेत्यात व्हय? आण हिकडं." त्यांनी टोक धरून खेचलं, दगडाच्या कडेला अंगठ्यानं दाबलं. "आता वाच."

"चौदा फूट सात."

"मघा किती आलतं?"

"चौदा आठ."

"बघ. आमच्यात इंचभर चुकलं तर मील बंद पडंल."

निमकर सर जवळ आले, काही समजावू लागले, तर केरबांनी त्यांनाच विचारलं, हे दगड चुन्यात बसवलेत का नुसते, आणि पाण्याचा दाब कुठल्या पायरीवर जास्त. सरांनी वहीत काढून दाखवलं. केरबांनी त्यातली एक रेघ चुकीची ठरवली. बराच वेळ वाद झाला. सर हरले की केरबा, हे आप्पांना कळलं नाही. ते रिक्षाच्या सावलीत उभे राहून, पोरगी घरी जाते की राहते, एवढ्या एकाच गोष्टीची वाट बघत होते.

चार वाजता केरबा त्यांच्याकडं आले.

"आज न्यायची म्हटलं तर काम अर्धं ऱ्हातंय. ठेवायची म्हटलं तर माझा जीव ऱ्हात न्हाय. मग मीच ऱ्हातो. दोन रात्री."

"आणि कारखाना?"

"कळवा की तुमी. निरोपाचं काम तुमचंच." केरबा थांबले. "पर आप्पा, तुमच्या शब्दावर ठेवलीती. त्यो शब्द आज मला पुरला न्हाय."

आप्पांनी मान खाली घातली.  त्यांनी एवढंच विचारलं, "अंथरुणाचं काय? हितली थंडी दगडातनं वर येती."

"गोणपाट बघतो एखादं."

आप्पांनी ते ऐकलंच नाही. ते रिक्षात बसले, तासाभरात परत आले. सोबत लॉजची गादी, दोन घोंगड्या आणि उशी होती. गादी त्यांनी स्वतः सरांच्या तंबूत, दाराच्या अंगाला टाकली. खाली ताडपत्री आहे की नाही ते हातानं चाचपून बघितलं, नव्हती, तेव्हा ज्ञानूच्या रिक्षाचा पडदा सोडवून पसरला. ज्ञानू कुरकुरला.

"कारखान्यात काय सांगितलासा?" केरबांनी विचारलं.

"केरबा कळंब्याच्या तळ्यावर हायत. पोरीबरोबर. स्वतःच्या मर्जीनं."

"एवढं समदं?"

"समदं," आप्पा म्हणाले आणि उशी थापटून ठेवली.